तात्यांची सुई

या, अशा जवळ सरका. आणि आधीच सांगते, आमच्या तात्यांना हसायचं नाही! परवा तोंडाला पदर लावून हसलात, मी पाहिलं.

आता मान्य, शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरून तिचं लाटणं मोजणारा माणूस विचित्रच. दोन ठोकळ्यांवर लाटणं ठेवलं, वर घड्याळासारखं यंत्र टेकवलं, फिरवलं आणि ओरडले, "सुई हलली, वहिनी! म्हणून पोळी एका अंगाला जाड!" माझी पोळी! जिला सासूबाईंनीसुद्धा कधी नावं ठेवली नाहीत!

तात्या कापड मिलमध्ये फिटर. सुताच्या चात्या न डगमगता फिरतात का, हे बघायचे. मिलला टाळं लागलं, आणि पेपरात रोज मेला 'बाजार खुला झाला'. कुणासाठी हो? तात्यांची बायको आधीच गेलेली. घरात ते आणि ते यंत्र.

मग महूच्या छावणीतल्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी तात्यांच्या यंत्राचं ऐकून बोलावलं. साहेब लायसन्सवाले नेमबाज, रायफलची काडतुसं स्वतः भरायचे. पण गोळ्या निशाण्यावर विखरून लागत, आणि साहेब हवेला शिव्या देत. तात्यांनी साहेबांचं भरलेलं काडतूस ठोकळ्यांवर फिरवलं, गोळीच्या टोकाजवळ यंत्र टेकवलं. सुई हलली! मग रिकामी पितळी नळी फिरवली. तिचं तोंड सरळ.

"मतलब साहेब, गोळी बसवतानाच तिरकी होतेय."

"तात्याजी, गोली की कुंडली निकाल रहे हो क्या?"

"पहले साँचा खोलो!"

गोळी दाबायच्या साच्यात वाळलेलं ग्रीस निघालं.

तेव्हापासून साहेबांची काडतुसं तपासायला दर रविवारी इस्त्रीचा शर्ट आणि महूची बस. साहेबांशी भांडण, साहेबांचाच चहा. माणूस खुलला होता हो!

आणि मग आली बाहेरदेशची तयार काडतुसं. साहेबांनी कौतुकानं पुढे केली. तात्यांनी फिरवली. सुई ढिम्म. "ही आपल्यापेक्षा सरळ. आता मोजायला नको," म्हणाले, आणि यंत्र कापडात गुंडाळून घरी.

मी भडकलेच. "हलली म्हणायचं होतंत! साहेबांना काय कळणार होतं?"

"वहिनी, मग त्यांनी घरचीच वापरली असती, आणि त्यांचा नेम चुकला असता."

आता रविवारी शर्ट घालून ओट्यावर बसतात. जा ना महूला, म्हटलं, तर म्हणतात, "काम नाही. काय म्हणून जाऊ?"

ऐकलंत? काम नसेल तर माणसानं कुणाचं दार वाजवायचं नाही? तडक कोपऱ्यावरच्या पीसीओतून साहेबांना फोन लावला. "तुमच्याकडे चहाला कारण लागतं का हो?"

साहेब हळूच म्हणाले, "बहनजी, मुझे लगा वो नाराज़ हैं."

घ्या! येत्या रविवारी साहेबच येतायत. तात्यांना सांगितलेलं नाही.

तुम्हीही लवकर या. तात्या विचारतील, काय काम काढलंत? सांगा, काही नाही.