गेट क्रमांक एकतीस

विमान सुटायच्या चार वर्षे आधी पोहोचल्यामुळे शशिकांत आणि कुमुद चौबळ यांना विमानतळ बांधलेला सापडला नाही. तिथे गवताचा माळ होता आणि टेप लावून जमीन मोजणारे गावित नावाचे सर्वेक्षक होते.

गावितांनी तिकीट दोनदा वाचले. "मोठा विमानतळ असला तरी तीन तास आधी आलं की पुरतं."

"मागच्या खेपेला तसंच आलो होतो," चौबळ म्हणाले. "विमान चुकलं. मुलीचं लग्न फोनवर बघावं लागलं."

"आता नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मेलबर्नला जायचंय," कुमुदताई म्हणाल्या.

"नात केवढी आहे?"

"अजून झाली नाहीये."

गावितांना हे पटले. त्यांनी नकाशा उलगडला आणि गेट क्रमांक एकतीस जिथे होणार होते, त्या बाभळीखाली दोघांना बसवले. पाण्याची बाटली मात्र काढून घेतली. "नकाशाप्रमाणे तुम्ही आत आलात. आत बाटली चालत नाही."

पावसाळ्यानंतर पाया खणला गेला. नात झाल्याचा फोन आला तेव्हा भिंती खांद्याएवढ्या झाल्या होत्या. कुमुदताईंनी गवंड्यांना बर्फी वाटली. तोवर त्यांच्या मागे आणखी अकरा प्रवासी येऊन बसले होते.

मग एके दिवशी मुख्य अभियंता सोनटक्केबाई आल्या. "इथे आता स्वच्छतागृह येणार. गेट साठ फूट पलीकडे गेलंय. उठा."

कुमुदताईंनी मागच्या रांगेकडे पाहिले. पलीकडे गेलो आणि नंबर गेला तर? त्या जागच्या हलल्या नाहीत.

"बाई, तुमची मुलंबाळं कुठे असतात?" त्यांनी विचारले.

"मुलगी नागपूरला असते. का?"

"तिला शेवटचं कधी भेटलात?"

सोनटक्केबाईंनी बराच वेळ हिशेब केला. तो लागला नाही. त्यांनी नकाशावर स्वच्छतागृह खोडले आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

ठरल्या दिवशी काचा बसल्या, दिवे लागले आणि विमान आले. चाळीस मिनिटे उशिरा. चौबळ काउंटरवर जाऊन कडाडले, "लोकांच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" कर्मचाऱ्याने माफी मागितली आणि दोघांना सर्वांत आधी आत सोडले.

मेलबर्नला विमानतळाच्या दाराबाहेरच मुलगी मुग्धा उभी होती. तिच्या कडेवरच्या नातीने आजीला निरखले आणि एकदम हात पसरले. चौबळ उगाच चष्मा पुसत राहिले.

"फार वेळ थांबलात का गं?" शेवटी चौबळांनी विचारले.

"हिला दात यायच्या आधीपासून," मुग्धा म्हणाली.

"बरं केलंत," कुमुदताई नातीला घेत म्हणाल्या. "आयत्या वेळी फार धावपळ होते."