आसन : गुप्त

"आतलं बाहेर दिसता कामा नये!" हे 'झाकण्या'चं आयुष्याचं तत्त्व होतं. ऑफिसनं 'झाकण्या' हे नाव त्याला उगाच नव्हतं ठेवलं. हा गृहस्थ डबासुद्धा झाकण अर्धवट उघडून, आत हात घालून खायचा! कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला बसला की मग तर विचारूच नका.

बायको त्याच ऑफिसात. आणि हे काम तर घरचंच, तिच्या वडिलांच्या नाट्यगृहाच्या तिकिटांचं.

"आपण आपापला भाग वेगळा लिहायचा," झाकण्यानं फर्मावलं. "खुर्ची आतून काय आहे ते फक्त माझ्या भागाला ठाऊक. तुझ्या भागानं ती नुसती मागायची, आणि फार तर दोन खुर्च्या शेजारी आहेत का एवढं विचारायचं. उद्या मी आत उलथापालथ केली तरी तुझ्या ओळीला धक्का नाही. शेवटी दोन्ही भाग जोडायचे. खट्!"

ते 'शेजारी'सुद्धा तिनं भांडून घालायला लावलं होतं. "जोडप्यांना शेजारच्या खुर्च्या नकोत?" या प्रश्नावर "काही नवऱ्यांना नको असतात," असं तो बोलून गेला आणि चार दिवस एकटा जेवला.

काम मात्र जिवावरचं होतं. सासऱ्यांनी नाट्यगृह विकायला काढलं होतं. "हा शेवटचा प्रयोग. रंगला तर बघू, नाहीतर किल्ली गोदामवाल्याच्या हातात," असं ते म्हणाले आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्या पडद्यामागंच लहानाची मोठी झाली होती. तिला रडताना बघून झाकण्यानं छाती ठोकली. "बाबा, तुम्ही निर्धास्त राहा!"

चाचणीही झाली. दोघांनी घेतली, आपापल्या भागाची.

शेवटचा प्रयोग म्हणून गावानं घरबसल्या सगळ्या खुर्च्या नोंदवल्या. संध्याकाळी खिडकीवर पहिलं तिकीट निघालं, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "आसन : गुप्त."

दुसरं तिकीट, गुप्त. तिसरं, गुप्त. प्रिंटर धडाधड गुप्त ओकत सुटला!

"अरे, खुर्चीचा नंबर दाखवायची सोयच ठेवली नाहीस तू!" बायको किंचाळली.

"तू मागितलीच नाहीस!"

"आता घाल!"

"घालतो की! पण माझ्या भागाचा बाहेरचा चेहरा बदलला की त्याच्या जिवावर उभे असलेले सगळे भाग नव्यानं बांधावे लागतात. या डबड्या कॉम्प्युटरवर तोवर नाटक संपेल!"

तेवढ्यात सासरे आले. "जावईबापू, लोक विचारतायत, बसायचं कुठं?"

"बाबा, ते मशीनला बरोब्बर माहीत आहे."

"मग मशीनलाच नाटक दाखवू का?"

झाकण्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायको मात्र टेबलावर चढली.

"मंडळी! खुर्ची कळत नाही, पण शेजारी कळतो! दोन-दोन तिकिटं मशीनला दाखवा. टिंग वाजलं तर शेजारी!"

एकत्र नोंदवलेली कुटुंबं पटापट जुळली. मग परक्यांची जुळवाजुळव सुरू झाली. दातांचा डॉक्टर आणि त्याला महिनोन्‌महिने चुकवणारा पेशंट, टिंग! लोकांनी टाळ्या पिटल्या. झाकण्याच्या हिशेबात एका रांगेची शेवटची खुर्ची पुढच्या रांगेच्या पहिलीला शेजारी होती, त्यामुळे बघता बघता सगळ्या गावाची एकच साखळी झाली आणि तिचं शेपूट रस्त्यावर गेलं.

"हेच पहिलं टोक!" झाकण्यानं ठामपणे एक टोक धरलं आणि साखळी आत सोडली.

दिवे मंदावले, पडदा वर गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. साखळीला टोकं दोन असतात! सगळे अगदी बरोबर शेजाऱ्याजवळ बसले होते, फक्त सगळं नाट्यगृह उलटं झालं होतं. मागच्या रांगेची कॉलेजची टोळी पुढं, आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीचे जन्माचे मानकरी सासरे पार मागं, खांबाआड!

पण टोळी काय हसली! प्रत्येक वाक्याला दाद. नटांना जोर चढला. प्रयोग असा रंगला की छत उडायचं बाकी राहिलं.

"कुठंय तो झाकण्या?" मध्यंतरात सासरे गरजले. झाकण्या पडद्यामागून, हात जोडूनच बाहेर आला.

"इतकी वर्षं मी पुढं बसलो," सासरे म्हणाले, "आणि मागं एक अक्षर ऐकू येत नाही रे! लोक कशाला येतील? नाट्यगृह विकायचं नाही. आधी मागचा आवाज दुरुस्त करायचा!"

बायको वडिलांच्या गळ्यात पडली. झाकण्याचेही डोळे भरून आले. यापुढं काही लपवायचं नाही, अशी त्यानं तिथल्या तिथं शपथ घेतली. आठवडाभर खपून नंबर दाखवायची सोय घातली, सगळे भाग नव्यानं बांधले आणि पुढच्या प्रयोगाचं पहिलं तिकीट मोठ्या मानानं सासऱ्यांच्या हातात ठेवलं. पहिली रांग, पहिली खुर्ची!

सासऱ्यांनी चष्मा पुसला. तिकीट जवळ धरलं, लांब धरलं.

"जावईबापू, एवढीच का माझी किंमत?"

झाकण्यानं डोकावून पाहिलं. "आसन : ०." तमाम प्रोग्रॅमरांसारखा तोही आत खुर्च्या शून्यापासून मोजत होता.

"झाक रे बाबा," बायको म्हणाली. "परत झाक!"