बांधावरचा माड

आमच्या थोरल्या भावोजींना राग आला की ते आधी उशी शोधतात. ती दोन्ही हातांनी छातीशी धरतात, डोळे मिटतात आणि मला हळूच म्हणतात, "सुमन, माज्या वाटचं तू रागव."

त्यांच्या छातीतली मोठी नस आतून फाटली होती. बोर्लीहून मुंबईपर्यंत जिवंत पोचले हेच नवल. ऑपरेशननंतर खोकताना छातीशी धरायला म्हणून ही उशी दिली होती. छाती कधीच सांधली, उशी तेवढी राहिली. बाजारातही काखेत असते. कोळीण विचारते, "दादा, मासळी घ्यायला आलाव का झोपायला?"

डॉक्टरांनी ओझं उचलणं आणि रागावणं, दोन्ही बंद केलं. ओझ्याचं भावोजींना काही वाटलं नाही. पण राग! पूर्वी त्यांचा आवाज खाडीपलीकडे जायचा. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. दोन घरांमधल्या बांधावर एक माड आहे. तो कुणाचा, यावरून दोघे माझ्या लग्नाआधीपासून भांडत आलेले. हे दात घासता घासता सुरू करायचे, भावोजी तिकडून उत्तर द्यायचे. चहा गार व्हायचा.

आता भावोजींच्या वाटचं भांडायचं काम माझ्याकडे आलं. थोरल्या दिरासमोर मी कधी मान वर केली नाही, आणि तेच मला शिकवायला बसले.

"मेल्या म्हण आधी."

मी पदराआडून म्हटलं, "मेल्या."

"नवरा हाय म्हणून घाबरतेस व्हय? पोटातून काढ!"

परवा त्याच माडाचे नारळ उतरवायला ह्यांनी पाडेली बोलावला. भावोजींचे डोळे चमकले. उशी घेऊन ते ओटीवर येऊन बसले.

"जा, बाळ्याला सांग, माड माज्या बापाचा हाय. हात लावलास तर तंगडी मोडीन."

बाप दोघांचा एकच, पण मी तसंच्या तसं सांगितलं. फक्त हळू. ह्यांनी मान खाली घातली.

"दादाला सांग, माड तुजाच. नारळ सोलून देतो. तू फकस्त शांत ऱ्हा."

भावोजींच्या पायरीशी सोललेल्या नारळांचा ढीग लागला. मला वाटलं, खूश होतील. पण त्यांनी विचारलं,

"माड देऊन टाकला?"

"व्हय."

"शिवी न्हाय दिली? एक पण?"

"न्हाय."

"मरणाऱ्याला देतात गो असं," ते म्हणाले. उशी मांडीवरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

माझ्याच्यानं बघवेना. मी बांधाकडे तोंड केलं आणि पोटातून ओरडले, "अहो, भांडा की भावोजींशी!"

हे धावत बांधापर्यंत आले. भावोजी ताठ उभे राहिले. ह्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मग त्यांची नजर खाली पडलेल्या उशीवर गेली.

"दादा," हे म्हणाले, "गोळी घेतलीस ना?"

भावोजी खाली बसले.

"घेतली रे," ते म्हणाले.