साहित्य : शिलाई मशीन, सायकलचे चाक, मावशी

जगातली कोणतीही वस्तू जन्मतः टाकाऊ नसते. त्यासाठी समिती लागते. आमच्या कलामंडळाच्या सात जणांच्या समितीने भरपूर चहा पिऊन टाकाऊची व्याख्या ठरवली आहे : 'जिच्याबद्दल सलग तीन महिने कोणी विचारले नाही, ती वस्तू टाकाऊ समजावी.' (व्याख्या एकमताने मंजूर झाली. सातवे सदस्य बरेच दिवस आलेले नाहीत.)

या व्याख्येच्या जोरावर आमच्या तरुण कलावंताने भंगारातून शिल्पे उभी केली, आणि त्या निर्मितीवर पाऊण तासाचा माहितीपट निघाला. मागच्याच्या मागच्या शनिवारी तो आमच्या सभागृहात दाखवला. त्यासाठी सभागृहातल्या धडक्या खुर्च्या भंगारात काढल्या आणि भंगारातून बनवलेल्या खुर्च्या मांडल्या. त्यांवर बसवत नव्हते, पण त्या विचार करायला लावत होत्या. विशेषतः पाठीला.

माहितीपट उत्तम आहे. त्यात अर्धा वेळ कलावंत लांब कुठेतरी बघतो आणि उरलेला वेळ वेल्डिंग चालते. शेवटी सर्वश्रेष्ठ शिल्प येते, 'थांबलेला टाका' : पायांनी चालवायचे काळे शिलाई मशीन, त्याच्या बाजूला जोडलेले सायकलचे चाक आणि सुईखाली अर्धवट शिवलेली निळी बाही. निवेदक भरल्या आवाजात म्हणाला, "या अपुऱ्या बाहीत अवघ्या मानवजातीचा एकटेपणा आहे."

"कसला एकटेपणा? शाळेचा गणवेश आहे तो!" मागच्या रांगेतून आवाज आला. "आणि मशीन माझं आहे. बबड्या, कुणाला विचारून उचललंस रे?"

बबड्या म्हणजे आमचा कलावंत. (पत्रिकेत हे नाव छापलेले नाही.) विचारणारी त्याची सख्खी मावशी. कपडे शिवून पोट भरते. ऑपरेशनसाठी इस्पितळात गेली तेव्हा घराची किल्ली भाच्याकडे ठेवून गेली होती. पाच महिन्यांनी परतली, तर मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग.

दिवे लागले. कलावंताने प्रथमच जवळ बघितले.

"मावशी, आपण घरी बोलू ना. लोक आहेत इथे."

"लोक आहेत म्हणूनच बोलतेय. घरी तू फोन उचलत नाहीस."

"अगं, तीन महिने नुसतं धूळ खात पडलं होतं. कुणी विचारलंसुद्धा नाही त्याच्याबद्दल."

"विचारणार कोण, शहाण्या? मी तिकडे खाटेवर पडलेली. मला तरी कोण विचारायला आलं होतं?"

टाळ्या पडल्या. प्रेक्षकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मावशी तरातरा बाहेरच्या दालनात गेली. 'हात लावू नये' ही पाटी तिने उचलून भिंतीशी टेकवली आणि शिल्पासमोर बसून पायडल मारले. मशीन चालू लागले. बघता बघता बाही पुरी झाली. (कलेचे अपरिमित नुकसान. टाका थांबलेला असणे अपेक्षित होते.)

"शाळा उघडायला आलीय," ती दोरा तोडत म्हणाली. "गणवेश वेळेवर दिले नाहीत, तर पुढच्या वर्षी मला काम कोण देणार? चाक ठेवा तुम्ही. मशीन तेवढं द्या."

समितीने जागच्या जागी बैठक घेतली. मशीन टाकाऊ, कारण तीन महिने त्याच्याबद्दल कोणी विचारले नाही. मावशीलाही तीन महिने कोणी विचारले नाही, असे तिने भर सभेत कबूल केले. पुढे वाद घालायला जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी शिल्पाखाली नवी पट्टी लागली : 'साहित्य : शिलाई मशीन, सायकलचे चाक, मावशी.'

तेव्हापासून मावशी सकाळी येते आणि दालन बंद होईपर्यंत गणवेश शिवते. करणार काय, मशीन तर इथे आहे. तिला तिकीट माफ आहे. ती जेवायला उठली की 'शिल्प डागडुजीसाठी गेले आहे' अशी पाटी लावतो. गर्दी वाढली आहे.

आम्ही काही दगड नाही. रविवार संध्याकाळपर्यंत एका जरी माणसाने मावशीची विचारपूस केली, तर व्याख्येप्रमाणे ती टाकाऊ राहणार नाही आणि मशीन तिच्या घरी पोचते होईल, असा ठराव केला. तो दालनात लावला नाही. सांगून केलेली ती विचारपूस कसली? मावशीला मात्र कळवले. त्यामुळे कोणी जवळ आले, की ती शिवण थांबवून मान वर करून बघते.

लोकांनी पुष्कळ विचारले. चाक कुठल्या सायकलचे? विकत मिळेल का? हिच्यासोबत फोटो काढला तर चालेल का? स्वच्छतागृह कुठे आहे? एक बाई तर स्वतःहून मावशीशी बोलल्या. पँटची उंची कमी करून हवी होती. "कधी देणार?" विचारून गेल्या.

रविवारी मुदत संपली. समितीने ती एकदाच वाढवली : सुजाण वाचकांनी ही हकिगत वाचून संपवेपर्यंत.

तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर आलात. मधे दोनदा हसलात. भाच्याचा रागही आला असेल, तुम्ही संवेदनशील आहात. पण मावशीचे ऑपरेशन कसले होते, हे तुम्हीही विचारले नाहीत.

ठीक आहे. मशीन इथेच राहील.