पुंजाजींनी नातं काढलं

धाड गावच्या पायलनं घरातल्याच वर्कशॉपमध्ये एक डबी बनवली होती. इमारतीचं फाटक, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, सगळं मोबाइलवरून चालवणारी. बुलढाण्याचा एक बिल्डर साठ फ्लॅटांसाठी त्या डब्या घ्यायला तयार होता. अट एकच: इंटरनेटवरून कुणी परका फाटक उघडू शकत नाही, असं बाहेरच्या, स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हवं. पायलची तीन वर्षांची मेहनत त्या एका कागदावर अडकली होती.

तपासायला प्रयोगशाळेकडून प्रसेनजित नावाचा तरुण आला. दिवसभर लॅपटॉपवरून डबीत शिरायला बघत होता. डबी काही दाद देईना. पायल मनातून हरखली. तेवढ्यात तिचे वडील पुंजाजी चहा घेऊन आले.

"सायेब, तुमच्या आईचं माहेर कोन्तं?"

"सोनाळा."

"सोनाळा? कोनाची लेक?"

नाव ऐकताच पुंजाजींनी कप तिथंच ठेवला आणि बायकोला हाक मारली. "सिंधू, अवं भायेर ये! तुह्या चुलतबहिणीचं पोरगं हाये हे!"

मग काय! सिंधूताईंनी पुरण शिजवलं, भाच्याला पँट-शर्टचं कापड दिलं. प्रसेनजित मावशीच्या पाया पडला आणि तपासणीच्या फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहून गेला, 'अर्जदार माझी मावसबहीण.'

तपासणी रद्द.

पायलनं डबी उचलून कपाटात ठेवून दिली. तेच पुंजाजींना लागलं. निस्तरायला म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला.

"तो पोरगा आमचा कोनीच लागत नाही, सायेब. इमानानं सांगतो!"

"असं? मग जेवण आणि कापड कशाबद्दल दिलं?"

झालं. आहेराची लाच झाली, भाच्यामागे चौकशी लागली. आता त्याच्याऐवजी एक बाई तपासायला येतील, पण घरातल्या कुणी ओळख काढली तर फाइल कायमची बंद, असं कळवण्यात आलं.

बाई यायच्या त्या दिवशी, ओळख निघायलाच नको म्हणून पुंजाजी सकाळीच घर सोडून स्टँडवर जाऊन बसले. एसटीतून एक बाई उतरली आणि नेमकी त्यांच्याचपाशी आली. "काका, मी प्रतीक्षा, प्रयोगशाळेतून आलेय. पायलचं वर्कशॉप कुठंय?"

पुंजाजी चटकन उठून उभे राहिले. "मी या गावचा नाही."

पानठेल्यावरून गावातले अर्जुनराव ओरडले, "काऊन पुंजाजी, मंग साठ वर्सं कोन्या गावात राह्यले?"

"मी चाललो," पुंजाजी पुटपुटले. "तुम्ही माह्या मांगून या. पन मी तुम्हाले नेऊन नाही राह्यलो."

घर आलं, तरी थांबायची हिंमत होईना. खाली मान घालून ते स्वतःच्या दारावरून पुढे गेले; मागून मॅडमही गेल्या. दोघं नाल्याशी पोचल्यावर पायलला ओरडावंच लागलं, "बाबा! मॅडमले कुठी घेऊन चालले?"

प्रतीक्षा थबकली. "हे तुमचे वडील?"

"नावापुरता, मॅडम," पुंजाजींनी हात जोडले.

"अहो, तिचे वडील असायला काही हरकत नाही. फक्त माझे कोणी लागू नका."

प्रमाणपत्र आलं, डब्या गेल्या, भाचाही चौकशीतून सुटला. पण कुणी अभिनंदन केलं की पुंजाजींची मान खालीच जाते.

"काय सांगू बापा! बाई दोन दिवस घरात होती, अन् आपुन तिले पान्याचंबी इचारलं नाही."