पास्को गावी कायमचा नाताळ

आमच्या गावाचं नाव पास्को. पास्को म्हणजे नाताळ. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नाही. बहुधा ठेवलं त्या दिवशी सुट्टी असावी आणि दुसरं काही सुचवायचा सगळ्यांना कंटाळा आला असावा. फिलिपिन्सच्या नकाशात गाव शोधायला भिंग लागतं. नावाचा आम्हाला उपयोग नव्हता, तसा उपद्रवही नव्हता.

उपद्रव सुरू झाला तेव्हा माझी लिगाया नऊ महिन्यांची होत होती. त्या वयात गोवराची लस द्यायची असते, आणि आमच्याकडे लस बुधवारी मिळते हे शेंबडं पोरही सांगेल. त्यातच ओढ्यापलीकडच्या एका मुलाला गोवर निघाला. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे घरातलं काळजी खातं पूर्णवेळ माझ्याकडे आहे. मी बुधवारकडे डोळे लावून बसले होते. पण बुधवारच्या आधी मंगळवार येतो, आणि मंगळवारी नगरपालिकेचे पर्यटन अधिकारी कोर्पुससाहेब आले.

बास्केटबॉलच्या मैदानावर सभा भरली. साहेबांनी जगाचा नकाशा टांगला. त्यावर लाल टाचण्या टोचलेल्या होत्या.

"हे ऑस्ट्रेलियाचं नाताळ बेट. हे चिलीचं ईस्टर बेट. ब्राझीलमधलं हे नाताल. अमेरिकेत तर सांताक्लॉज नावाचं गावच आहे. सणाची नावं लावून जग कुठल्या कुठे पोचलं. आणि तुम्ही? नाव पास्को, आणि मे महिन्यात दारात एक कंदील नाही! ही नावाची फसवणूक आहे."

सभा ओशाळली. आपण इतकी वर्षं फसवणूक करत होतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ही टाचणी पिवळी का?" मी विचारलं.

"ते भारतातलं एक शहर. तिथल्या पेठांना म्हणे वारांची नावं आहेत. झोपलेत अजून. त्यांचं नंतर बघू."

मग त्यांनी 'नामानुरूप वर्तन योजना' वाचून दाखवली. पास्कोत यापुढे रोज पंचवीस डिसेंबर समजण्यात येईल. कापितान देमेत्रियो, म्हणजे आमचे गावप्रमुख, उठून उभे राहिले.

"आपल्याकडे नाताळ सप्टेंबरलाच सुरू होतो. चार महिने आपण करतोच की! राहिलं काय? मधली थोडी फट. ती बुजवू."

टाळ्या पडल्या. कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांना शेवया मिळाल्या, त्यामुळे विरोध नोंदवायला तोंड रिकामं नव्हतं. माझंही.

दुसऱ्या दिवशी लिगायाला न्हाऊमाखू घालून मी आरोग्य केंद्रात गेले. दाराला कुलूप. नर्स पूरिंगताई पायरीवर बसून केळीच्या पानातला भाताचा केक खात होत्या.

"ताई, लस?"

"अगं, आज नाताळ. नाताळला सरकारी सुट्टी असते."

"मग उद्या येऊ?"

"उद्याही नाताळच."

"पुढच्या बुधवारी?"

"तू शिकलेली ना गं? नाताळ रोज म्हटल्यावर बुधवार कुठून आणणार?"

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"सुट्टीच्या दिवशी हजर राहिलं की दुप्पट पगार. म्हणून येते." त्यांनी केकचा तुकडा माझ्यापुढे धरला. "पण काम केलं तर सुट्टी मोडते. म्हणून करत नाही. घे, गरम आहे."

गाव मात्र नामानुरूप वागू लागलं. नारळाच्या झाडांना कापसाचं बर्फ चिकटवलं, ते मुंग्यांनी घर म्हणून स्वीकारलं. शाळा सुट्टीमुळे बंद झाली, म्हणून पोरं रोज संध्याकाळी दारोदार गाणी म्हणत फिरू लागली. तीच चार गाणी. पाचवं शिकवायला शाळा हवी होती. वेशीवर कमान उभी राहिली आणि पर्यटक येऊन घामाघूम सांताक्लॉजबरोबर फोटो काढू लागले. सांताक्लॉज म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना दुसरं काम उरलं नव्हतं.

सगळ्यात हाल झाले निनोंग मंडळींचे. निनोंग म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा मानलेला बाप. नाताळला त्याने मुलाला भेट द्यायची असते, आणि नाताळच्या सकाळी तो घरी सापडत नाही, ही आमची जुनी परंपरा. पूर्वी एक दिवस लपलं की भागायचं. आता बिचाऱ्यांना रोज लपावं लागे. लिगायाचा निनोंग कुलास पहिल्या आठवड्यात माडावर लपला, दुसऱ्या आठवड्यात गावातूनच नाहीसा झाला.

तेवढ्यात गोवराने ओढा ओलांडला. आमच्या शेजारच्या घरात दोन मुलं तापाने फणफणली. मी लिगायाचं कपाळ इतक्या वेळा चाचपलं की ती माझा हात दिसला की आपणहून कपाळ पुढे करू लागली. मी कापितानांकडे गेले.

"कापितान, एकच दिवस सव्वीस डिसेंबर करा. निदान दुपारपर्यंत."

"काय बोलतेस, पोरी! एका दिवसासाठी अख्ख्या गावाची फसवणूक करू? शेजारच्या गावी जा. त्यांना कुठे आहे सणाचं नाव?"

पण शेजारच्या गावाला आता नाव होतं. आमच्या कमानीपुढच्या गाड्या बघून त्यांना पोटशूळ उठला होता आणि त्यांनी ठराव करून गावाचं नाव 'गुड फ्रायडे' ठेवलं होतं. गावात चिडीचूप. कोंबड्यांच्यासुद्धा चोची बांधलेल्या. आरोग्य केंद्र उघडं बघून मला रडू आलं. नर्स बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी खुणेने लिगायाचा दंड दाखवला. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. शेवटी मला कोपऱ्यात ओढून त्या कानात कुजबुजल्या, "वेडी की काय! गुड फ्रायडेला लागलेली जखम भरत नाही, तुझ्या आजीने सांगितलं नाही? आणि सुई म्हणजे जखमच की!"

"कधी टोचता येईल?"

"ईस्टरला."

"ईस्टर कधी?"

"ते पलीकडचं गाव घेणार होतं. पण त्यांनी नवं वर्ष घेतलं."

तिथवर तीनचाकीत जाईपर्यंत लिगाया कुरकुरू लागली. नव्या वर्षाचं गाव लांबूनच ऐकू आलं. भर दुपारी फटाके, वाहनांचे भोंगे, पातेल्यांवर आपटलेले डाव. आणि आरोग्य केंद्र? सताड उघडं! डॉक्टर, नर्स, खाटा, बर्फाच्या पेटीत लसी, सगळं हजर.

"बोट दाखवा," नर्स म्हणाली.

"बोट ठीक आहे. बाळाला गोवराची लस हवीय."

"एक जानेवारीला फक्त फटाक्यांचे जखमी घेतो. आदेश आहे." तिला माझी दया आली असावी. खिशातून फुलबाजी काढून ती हळूच म्हणाली, "हवं तर बाहेर जाऊन थोडंसं भाजून या. अगदी करंगळी चालेल."

मी फुलबाजी हातात घेतली. खोटं कशाला बोलू, काडेपेटीही मागितली. तेवढ्यात खाटेखालून आवाज आला, "ती भेट मागायला आलीय का? मी नाहीय म्हणून सांगा!"

मी वाकून बघितलं. कुलास.

"अरे निर्लज्जा! इथे काय करतोयस?"

"कुमारे," तो म्हणाला. मानलेल्या लेकीच्या आईला निनोंग अशीच हाक मारतो. "ओरडू नकोस. इथे नवं वर्ष आहे. नाताळची भेट इथे मागता येत नाही, मी विचारून घेतलंय." त्याच्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं. "फक्त गावात राहायचं तर फटाके वाजवावे लागतात."

"कुलास, तुझ्या लेकीला गोवर होईल."

तो खाटेखालून रांगत बाहेर आला. लिगायाकडे बघितलं. तिने सवयीने कपाळ पुढे केलं. त्याने ते चाचपलं, आणि तिला मांडीवर घेऊन जखमींच्या रांगेत जाऊन बसला.

"जखमी कोण?" नर्सने विचारलं.

"मी." त्याने अंगठा वर केला.

"आणि ही?"

"माझी. बाप्तिस्म्यापासून."

नर्सने भिंतीवरचा आदेश दोनदा वाचला. "जखमी आल्यावर आवश्यक ती सुई द्यावी, असं लिहिलंय. कुणाला टोचावी ते लिहिलेलं नाही." आणि तिने लिगायाच्या दंडात गोवराची लस टोचली. लिगायाने फटाक्यांच्या वर आवाज काढला.

"घे," कुलास म्हणाला, "दिली हं नाताळची भेट. आता वर्षभर तोंड दाखवू नका."

परतताना वेशीवर पर्यटकांनी गाडी अडवली. कुणीतरी रडून लालबुंद झालेल्या माझ्या पोरीच्या डोक्यावर लाल टोपी चढवली आणि फोटो काढला. तो फोटो खूप फिरला. तुम्हीही बघितलाय. त्याखाली 'किती नशीबवान लोक, रोज सण!' असं लिहून तुम्ही एक लाल बदाम टाकलात.

परवा कोर्पुससाहेब भेटले. बॅग भरून निघाले होते. म्हणाले, सगळ्यात जास्त बदाम भारतातून आलेत, त्या पिवळ्या टाचणीच्या शहरातून. म्हणजे तिथे मागणी आहे.

"सुरुवात रविवार पेठेपासून करतो," ते म्हणाले. "नाव रविवार, आणि सोमवारी सकाळी दुकानं उघडी! ही शुद्ध फसवणूक आहे."

तुमचं बाळ त्या बाजूला राहत असेल, तर लस आजच टोचून घ्या.