रुद्रप्पाकाकांची आरिया

मुलांनो, तुमच्या घरी पाळणा हलणार म्हणून तुम्ही फोनवर मला नाव विचारलंत. त्याआधी तुमच्या आईच्या बारशाची हकिकत ऐका. ती सांगणारी आता मी एकटीच उरले आहे.

निजामाच्या अमदानीत राजेश्वर गावात माझे चुलत सासरे रुद्रप्पाकाका तुरीचा व्यापार करत आणि ऑपेरा ऐकत. सिकंदराबादेहून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ग्रामोफोन आणि एकच तबकडी आणली होती. ती पहिल्यांदा लावली, तेव्हा तिच्यात गाणाऱ्या बाईचा सूर ऐकून शेजारणी पदर सावरत दारात येऊन बसल्या.

"कोन गेलं, अण्णा?"

"कोनी न्हाई. गायलीय ती."

"मग येवढं कामून वरडायलीय?"

"ऑपेरा म्हन्तेत त्याला. आलाव तर च्या घेऊन जावा."

मी हैदराबादेत शिकलेली, म्हणून काका मला अर्थ विचारत. गाणं इटालियन, मला ओ की ठो कळत नसे. "इंग्रजी शिकलीस न्हवं? मग सांग की," म्हणत आणि पुन्हा चावी देत.

तुमच्या आईच्या बारशाला ते सासूबाईंना म्हणाले, "वैनी, नाव आरिया ठेवा. ऑपेऱ्यात बाई एकटी गाती, त्या गान्याला आरिया म्हन्तेत."

"भावजी, विमल ठरलंय."

"विमल गावात चार हायत."

"आता पाच होतील."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ह्यांना सख्खी बहीण नव्हती. चुलत बहीण एकच, काकांची शांता. ती लहानपणीच तापात गेली. म्हणून शेजारच्या गंगाक्काला बोलावलं होतं. ती पाळण्याशी वाकणार, तोच काका बायकांच्या गर्दीतून आत आले. पुरुष तिथं येत नसत.

"शांताचा मान हाय ह्यो," ते हळू म्हणाले. "तिला ती तबकडी लई आवडायची. तापात बी लाव म्हनायची."

मग सासूबाईंनी गंगाक्काला बाजूला घेतलं. "या भावजी. कानात तुमचं सांगा. चारचौघांत आम्ही आमचं सांगू."

काका वाकले आणि बाळाच्या कानात कुजबुजले. नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. पण पुरुषाच्या पाठीत कसे घालायचे? बायका थबकल्या. पहिला धपाटा सासूबाईंनीच घातला, चांगला जोरात. मग सगळ्यांनी. धपाटे संपले तरी काका वाकलेलेच होते.

कागदोपत्री तुमची आई विमल. पण मी आरिया म्हणून हाक मारली, तर ती अजूनही ओ देते.